सिस्टरांचा राउंड

समोरच्या माणसाला कुत्रं लागू पडेल की मांजर, हे सिस्टर त्याची नाडी बघून सांगत. तुम्ही काही द्यायला किंवा घ्यायला हात पुढे केलात, की त्या तुमचं मनगट धरत. साडीवर खांद्यापाशी उलटं टाचलेलं घड्याळ चिमटीत उचलत, पूर्ण एक मिनिट मोजत आणि म्हणत, "तुम्हाला मांजर. कुत्रं झेपणार नाही." हे सगळं तुमचं नाव विचारण्याच्या आधी. पुण्यात ओळखपाळख नसताना सल्ला देणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. पण दिलेला सल्ला टोपलीतून जिवंत बाहेर काढून तुमच्या मांडीवर ठेवणारी बाई मी एकच पाहिली.

सिस्टर मूळच्या अमरावतीकडच्या. नर्सिंग शिकायला पुण्यात आल्या, खडकीतल्या एका दवाखान्यात जन्मभर नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर तिथेच जवळ दोन खोल्यांत राहिल्या. लग्न केलं नाही. नोकरी संपली, पेशंट संपले, पण राउंड घ्यायची सवय काही संपेना. मग त्यांनी स्टेशनच्या आसपासची टाकलेली, लंगडी, कानफाटी जनावरं गोळा करून ती माणसांना लावायला सुरुवात केली. 'लावायला' हा त्यांचाच शब्द. मलम लावावं तसं. कोर्स चाळीस दिवसांचा. दर रविवारी चार वाजता राउंड. कोर्स संपल्यावर येणारा रविवार शेवटच्या राउंडचा. औषध मानवलं तर जनावर कायमचं तुमचं, नाही तर टोपलीत घालून परत.

प्रत्येकाचा केसपेपर असे. पुठ्ठ्याला चाप लावून तो घरात दिसेल असा टांगायचा. त्यावर एक रकाना रुग्णाच्या तक्रारीचा आणि त्याच्याशेजारी तेवढाच मोठा प्राण्याच्या तक्रारीचा. हा दुसरा रकाना नेहमी लवकर भरायचा. अगदी खाली शेवटचा रकाना, 'ठेवायचं की परत'. तो फक्त शेवटच्या राउंडला, सिस्टरांसमोर, पेशंटच्या तोंडून जे निघेल ते ऐकून भरायचा. "मी माझ्या मनाचं लिहीत नाही," सिस्टर म्हणत. "पेशंट बोलतो ते लिहिते." हे वाक्य तेव्हा मला कौतुकाचं वाटलं होतं. आता वाटत नाही.

त्यांचं दुसरं वाक्य आमच्या सगळ्या वारज्याला पाठ होतं. कोणाला काही लागेल असं बोलायचं असलं, की त्या इंजेक्शनच्या आधीचा तो मऊ आवाज काढत: "थोडंसं मुंगी चावल्यासारखं वाटेल हं." आणि मग सुई घालत. आमच्या सोसायटीचे चेअरमन भटक्या कुत्र्यांविरुद्ध आठवड्याला एक सूचना फळ्यावर लावत. गेटापाशी कुत्र्यांना बिस्किटं घालणारी ही कोण बाई, म्हणून ते तावातावाने खाली गेले आणि मनगट सिस्टरांच्या हातात देऊन बसले.

"थोडंसं मुंगी चावल्यासारखं वाटेल हं," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला कुत्र्यांचा त्रास नाही. घरात तुमचं कोणी ऐकत नाही, त्याचा आहे."

पुढच्या रविवारी चेअरमनांकडे एक लंगडं पिल्लू आलं. तेही त्यांचं ऐकत नाही, पण निदान मान वर करून बघतं. चेअरमन रोज सकाळी त्याला घेऊन फिरतात आणि त्याला मेंटेनन्सच्या अडचणी समजावून सांगतात. फळ्यावर आता सूचना असते: 'येथे हॉर्न वाजवू नये. पिल्लू दचकते.'

सगळ्याच मात्रा सरळ लागू पडत असं नाही. हिंजवडीला नोकरी करणारं एक जोडपं होतं. दोघं घरूनच काम करायची, दोन खोल्यांत दोन दारं लावून, आणि दुपारच्या जेवणाचं एकमेकांना फोनवर टाइप करून विचारायची. सिस्टरांनी त्यांना ससा लावला. सशाने चौथ्या दिवशी इंटरनेटची वायर कुरतडली. दुरुस्तीवाला यायला तीन दिवस लागले. तेवढ्यात दोघं समोरासमोर येऊन इतकी भांडली, की खालच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सिस्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'वाचा परत आली.' ससा परत मागितला तेव्हा दोघांनी एका सुरात नाही म्हटलं. अनेक महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं.

कुत्र्याचे 'आई-बाबा' म्हणवून घेणाऱ्यांची मात्र त्या गय करत नसत. आमच्याच इमारतीत एका कुत्र्याच्या वाढदिवसाला केक, टोप्या आणि तीस माणसं होती. कुत्रं सोफ्याखाली. सिस्टरांनी वाकून त्याच्याकडे पाहिलं आणि घरच्या बाईंना म्हणाल्या, "वाढदिवस तुम्हाला हवाय. त्याला फक्त खाली फिरायला न्या." मग स्वतःच नेलं. केक कापेपर्यंत ते दोघं परत आले नाहीत.

स्वतः सिस्टरांकडे मेट्रन होती. एका डोळ्याची, पिवळट रंगाची, कायम तोंड वाकडं करून बसणारी कुत्री. "नोकरीभर मेट्रनच्या हाताखाली काढली," सिस्टर म्हणत, "म्हटलं, आता एक मेट्रन आपल्या हाताखाली ठेवून बघू." प्रत्यक्षात कोण कोणाच्या हाताखाली होतं हे त्यांच्या घरी गेल्यावर कळायचं, कारण घरातली एकमेव गादीची खुर्ची मेट्रनची होती आणि सिस्टर स्टुलावर बसत. मी एकदा खोचून विचारलं, "मेट्रनचा केसपेपर कुठे टांगलाय?"

"मी पेशंट नाही," सिस्टर म्हणाल्या आणि चहात साखर घालायला विसरल्या.

आता माझं सांगतो, म्हणजे माझं नेमकं काय दुखतंय ते कळेल. माझा धंदा जुन्या ऑफिस-फर्निचरचा. हिंजवडीत एखाद्या कंपनीने मजला रिकामा केला, की तिथल्या खुर्च्या, टेबलं, कपाटं मी उचलतो आणि वारज्यातल्या गोडाऊनमधून क्लासवाल्यांना, वकिलांना, नव्याने दवाखाना थाटणाऱ्यांना विकतो. मागे कोणी नव्हतं. पहिली खुर्ची मी स्वतःच्या डोक्यावर वाहून आणली आहे. या धंद्यात मी एक गोष्ट शिकलो आणि तिच्यावर घर उभं केलं. जी वस्तू हवी असेल, तिला नावं ठेवायची. खुर्ची कितीही मनात भरली तरी तिच्याभोवती फिरत म्हणायचं, चाक कुरकुरतंय, पाठ गेलीय, कापड विटलंय. समोरच्याला डोळ्यांत आवड दिसली की संपलं. ही सवय इतकी मुरली, की मुलगी बघायला गेलो तेव्हा मी पोह्यांना खारट म्हणालो. सुनंदा अजून सांगते, होकार येणार हे तिला तेव्हाच कळलं होतं.

दुसरं माझं भांडवल म्हणजे आवाज. एकदा एका क्लासवाल्याने माझ्या उत्तम खुर्च्यांना भंगार म्हटलं. तोही घासाघीसच करत होता, हे मला कळायला हवं होतं, पण मी असा ओरडलो की नाकातून रक्त आलं. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आणि सुनंदाला बाजूला घेऊन काही सांगितलं. ती घरी आली ती थेट चेअरमनांकडे गेली. त्या रविवारी सिस्टर गोडाऊनच्या दारात उभ्या. हातात झाकणाची टोपली. खडकीहून बसने आल्या होत्या आणि वाटेत कंडक्टरने हटकलं होतं, ते त्यांनीच सांगितलं.

"यात काय आहे?"

"औषध."

"औषध म्याव करतंय, बाई."

"ताजं आहे."

माझं मनगट त्यांनी मी खुर्ची पुढे करताना धरलं. मिनिटभर मोजलं. "तुम्हाला मांजर. कुत्रं झेपणार नाही." मग तो मऊ आवाज आला.

"थोडंसं मुंगी चावल्यासारखं वाटेल हं. तुम्ही रागीट नाही, घाबरट आहात. रागीट माणूस ओरडून मोकळा होतो. तुमची नाडी ओरडून झाल्यावर वाढते."

"मला मांजर नकोय," मी म्हणालो.

"औषध विचारून देत नाहीत, खुर्चीवाले."

टोपलीतून एक करडा बोका निघाला. एक कान फाटका, शेपूट अर्धी, चेहरा वसुली अधिकाऱ्याचा. खडकी स्टेशनवर वाढलेला. त्याने गोडाऊनला एक फेरी मारली, चाळीस-पन्नास खुर्च्यांमधून नेमकी उंच पाठीची, काळ्या चामड्याची, एका बंद पडलेल्या ऑफिसातल्या बड्या साहेबाची खुर्ची निवडली आणि तिच्यात बसला. पारखी होता. त्याचं नाव मॅनेजर पडलं.

मॅनेजरला गाड्यांच्या आवाजाचं काही वाटत नसे, पण माणूस ओरडलेला चालत नसे. मी गिऱ्हाइकावर आवाज चढवला, की तो उठायचा, सावकाश अंग ताणायचा, माझ्यासमोरून दारापर्यंत चालत जायचा आणि बाहेरच्या भिंतीवर माझ्याकडे पाठ करून बसायचा. तासभर. येता-जाता लोक विचारायचे, "काय हो, आज कोणाला झापलं?" माझ्या रागाचा असा जाहीर बोर्ड लावलेला मला परवडणारा नव्हता. मी आवाज खाली आणला. मग असं लक्षात आलं, की हळू बोललं तर गिऱ्हाईक जास्त घाबरतं. पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. काळ्या खुर्चीला दोन चांगली गिऱ्हाइकं आली, दोघांनाही मी तिचा पाय मोडका आहे असं सांगून परत पाठवलं.

हे मी सिस्टरांना सांगितलं का? मुळीच नाही. दर रविवारी त्या पुठ्ठा घेऊन बसत आणि विचारत, "काय म्हणतोय पेशंट?" मी म्हणायचो, "आळशी आहे. उंदीर समोरून जातो, हा बघत बसतो. दोन खुर्च्यांचं कापड फाडलं." त्या मान खाली घालून लिहून घेत. माझी बाजू भक्कम होत चालली आहे असं मला वाटत होतं. कारण त्यांची एक अट होती. गोडाऊनच्या मागून हायवेचा सर्व्हिस रोड जातो, तर मागच्या दोन्ही खिडक्यांना जाळी लावल्याशिवाय बोका कायमचा मिळणार नाही. अट दिसली की ती कमी करून घेतल्याशिवाय राहणं माझ्या हाताबाहेरचं आहे. निदान एका खिडकीवर सौदा पटावा असं मनात होतं. खरं सांगायचं तर जाळी मी आधीच आणली होती, दोन्ही खिडक्यांची. गुंडाळी करून कपाटामागे ठेवली होती. पण माल घरात असला तरी बोली चालूच ठेवावी लागते.

शेवटच्या राउंडला सिस्टर पुठ्ठा मांडीवर घेऊन बसल्या. मॅनेजर खुर्चीत झोपलेला. सुनंदा चहा घेऊन आली होती.

"बोला. ठेवायचं की परत?"

"ठेवण्यासारखं काय आहे यात?" मी म्हणालो. "कान फाटका, शेपूट अर्धी. हा बोका पाऊण आहे."

"दोन्ही खिडक्यांना जाळी लावणार?"

"याच्यासाठी? एका खिडकीचंही काम याच्या लायकीचं नाही."

"म्हणजे नको."

"नको असं कुठे म्हणतोय? पडून राहायचं असेल तर राहू दे असाच."

"'असाच' असा रकाना माझ्याकडे नाही."

इथे शहाण्या माणसाने थांबावं. पण प्रत्येक सौद्यात एक वेळ अशी येते, की पाठ फिरवून चार पावलं चालायची असतात. मागून हाक येते. आजवर प्रत्येक वेळी आली आहे.

"मग घेऊन जा," मी म्हणालो आणि दाराकडे चार पावलं चाललो.

हाक आली नाही. मागे वळलो तर सिस्टर लिहीत होत्या, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होत्या: "रुग्ण म्हणतो, घेऊन जा." मग त्यांनी झोपलेला मॅनेजर उचलला, टोपलीत ठेवला आणि झाकणाची दोरी बांधली. तो ओरडला नाही. मीही नाही. एकदा बोललेलं मागे घेणं माझ्या रक्तात नाही, आणि ते त्या दिवशी कुठून तरी उसनं मिळालं असतं तर बरं झालं असतं.

सिस्टर बसस्टॉपकडे गेल्यावर सुनंदा म्हणाली, "अहो, कपाटामागची जाळी आता कशाला लावायची?"

"कुठली जाळी?" मी म्हणालो.

मॅनेजर खडकीला शिकलगारांकडे गेला. शिकलगार हे आडनाव, धंदा शिंप्याचा. तीन पिढ्या तिथेच दुकान, बायको वारलेली, मुलं बाहेरगावी. हे सगळं मला माहीत आहे, कारण मी त्यांच्याकडे एका महिन्यात तीन पँटी उंचीला कमी करायला नेल्या. वारज्यात शिंपी नाहीत असं नाही. पहिल्या दिवशी दुकानात शिरलो तर कापडाच्या गठ्ठ्यावर मॅनेजर.

"बसा शेठ," शिकलगार म्हणाले. "जरा सांभाळून. साहेब झोपलेत."

माझ्याकडे मॅनेजर होता, यांच्याकडे येऊन साहेब झाला. बढती! मी विचारलं, "चाळीस दिवस झाले का?"

"कसले चाळीस? सिस्टर टोपली घेऊन आल्या, म्हणाल्या, हवाय का? मी म्हटलं, बीबी गेल्यापासून घरात दुसऱ्याच्या श्वासाचा आवाज नाही. ठेवून जा. हात जोडले मी. कोर्स वगैरे ठीक आहे, तो त्यांच्या समाधानासाठी."

तिसऱ्या पँटीच्या वेळी ते कापडावर खडूची रेघ मारत म्हणाले, "आता पुढची आणाल ती लहान मुलाला होईल, शेठ. नुसतेच येत जा." मॅनेजरने मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. एकदा त्याने डोळा उघडून पाहिलं आणि मिटला. मी आवाज चढवलेला नव्हता, एवढं त्याने नोंदवलं असावं.

सिस्टरांशी मी बोलणं टाकलं. त्या दर रविवारी चेअरमनांच्या पिल्लाचं बघायला येत, तेव्हा मी गोडाऊनचं शटर अर्धं खाली घेत असे. पूर्ण नाही, कारण रविवारी गिऱ्हाईक असतं. त्या खाली वाकून आत बघत आणि पुढे जात. काळी खुर्ची मी कोणालाही विकली नाही आणि तिच्यात बसलोही नाही. मी कोणावर तरी एकदा ओरडलो आणि सवयीने बाहेरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंत रिकामी होती, तरी उरलेलं वाक्य मी हळूच संपवलं. हे सिस्टरांचं मी आयुष्यभर माफ करणार नाही. औषध काढून घेतलं आणि गुण मागे ठेवला.

मग रविवारी त्या येईनाशा झाल्या. चेअरमनांकडून कळलं, बसमधून उतरताना पडल्या, कमरेचं हाड सरकलं, अमरावतीचा पुतण्या न्यायला येतोय. दोन आठवड्यांनी एका दुपारी गोडाऊनसमोर रिक्षा थांबली. आधी काठी खाली उतरली, मग सिस्टर आणि मग, कोणी मदत केलेली चालणार नाही अशा चेहऱ्याने, मेट्रन.

"पुतण्याच्या बायकोला केसांनी दम लागतो," सिस्टर म्हणाल्या. "हिला इथे लावायला आणलंय."

"मला कुत्रं झेपणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"हाव. म्हटलं होतं." त्या बसल्या. मी न सांगता काळ्या खुर्चीत बसल्या. "तसं हिच्यात काही नाही. म्हातारी आहे. एक डोळा गेलाय, दुसऱ्यात मोतीबिंदू उतरतोय. दात मोजकेच. भाकरी कुस्करून द्यावी लागते, ती पण हाताने, नाही तर तोंड लावत नाही. पावसाळ्यात मागचे पाय धरतात. घोरते. कोणी आलं तर भुंकत नाही, कोणी गेलं की भुंकते. काही कामाची नाही."

मी ऐकत होतो. जन्मभर विकणाऱ्यांचं बोलणं ऐकत आलोय. आपला माल देऊन टाकायला आलेला माणूस मालाला नावं ठेवत नाही, पॉलिश मारून आणतो. नावं ठेवतो तो, ज्याला माल हवा असतो. पुठ्ठा, पेन, टोपलीऐवजी दोरी, सगळी तयारी करून आलेली ही बाई द्यायला आलेलीच नव्हती.

"सिस्टर," मी म्हणालो, "तुम्हाला ही द्यायची नाहीये."

"काहून? आणली नाही का इथवर?"

त्यांचा आवाज मऊ नव्हता. आणि मला दिसलं, की त्यांनी स्वतःचंच मनगट दुसऱ्या हाताने धरलंय, पण घड्याळाकडे बघत नाहीयेत. मेट्रन त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून बसली होती. घासाघीस करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याची किंमत न पाडता बोललो.

"ठेवतो मी."

"आज नाही," त्या लगेच म्हणाल्या. "आजचं बोलणं दयेचं असतं. कोर्स होऊ द्या. फोनवर राउंड घेईन. शेवटच्या रविवारी तोंडाने सांगायचं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तो जुना आवाज आला. "थोडंसं मुंगी चावल्यासारखं वाटेल हं. बोका तुम्हाला हवा होता, हे मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं. कपाटामागची जाळी पण दिसली होती."

"मग नेलात कशाला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून. सगळे दिवस वाट बघितली, एकदा तरी म्हणाल. बायकोला कळतं, मला कळतं, पण जनावराला कसं कळावं, खुर्चीवाले? त्याला तर नुसता आवाज ऐकू येतो. शिकलगार पहिल्या दिवशी म्हणाले. मी पेशंट बोलतो ते लिहिते."

म्हणजे माझी सगळी पानं बाईंनी आधीच पाहिली होती आणि तरीही डाव माझ्यावर उलटू दिला होता. आमच्या धंद्यात याला फसवणूक म्हणतात. मी ओरडणार होतो. अगदी छाती भरून घेतली होती. तेवढ्यात मेट्रनने तिच्या त्या एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी ती हवा तशीच बाहेर सोडली.

सिस्टर रिक्षात बसल्या. मेट्रन दारात बसून होती, गप्प. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा भुंकली.

पाच रविवार बरोबर चारला फोन आला. "प्राण्याची तक्रार?" मी सांगायचो, माझ्या हातची भाकरी खात नाही, सुनंदाच्या हातची खाते. "हात धुवून द्या, तुमच्या हाताला ऑइलचा वास असेल." सांगायचो, दिवसभर दाराकडे तोंड करून बसते. यावर त्या नुसतं म्हणत, "लिहिलं." काळी खुर्ची मी खटका दाबून तळापर्यंत खाली आणली, म्हणजे तिला चढता येईल. चौथ्या रविवारी ती माझ्या हातची खायला लागली. मी फोनवर म्हणालो, "फार खाते हो, परवडणार नाही." सिस्टर हसल्या. त्या हसलेल्या मी तेवढ्या एकदाच ऐकल्या.

सहावा रविवार शेवटच्या राउंडचा. मी वाक्य तयार ठेवलं होतं. दोन शब्दांचं वाक्य, पण दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं. गिऱ्हाईक आलं, त्याला पाचनंतर यायला सांगितलं. चार वाजले. सव्वाचार झाले. मग मीच फोन लावला. पुतण्याने उचलला.

"आत्या गुरुवारी गेली," तो म्हणाला. "कळवायचं राहिलं, खूप धावपळ झाली. तुम्ही पुण्याचे खुर्चीवाले का? तिच्या वहीत आजच्या तारखेला तुमचं नाव आहे. पुढे लिहिलंय, 'राउंड बाकी'. ते काय आहे?"

"काही नाही," मी म्हणालो. "फर्निचरचं काम होतं."

मागच्या दोन्ही खिडक्यांना जाळी लावली आहे. मेट्रनला खिडकीपर्यंत उडी मारता येणं या जन्मी शक्य नाही, तरी लावली. केसपेपर काळ्या खुर्चीच्या वर टांगलेला आहे. सुनंदा म्हणते, अहो, तो शेवटचा रकाना भरून टाका आता, दोन तर शब्द आहेत. शिकलगार म्हणाले, हवं तर साक्षीला मी सही करतो. मी दोघांनाही नाही म्हटलं. रविवारी चार वाजता मी शटर पूर्ण वर ठेवतो आणि कोणाशी सौदा करत नाही. मेट्रन दाराकडे तोंड करून बसते, मी तिच्या मागे स्टुलावर. रकाना कोरा आहे. राउंडशिवाय तो भरायचा नाही, हा नियम मी केलेला नाही. ज्यांनी केला, त्यांनी येऊन मोडावा.